बाटलीवरची चिठ्ठी

दिवाळीत अनारसा खाताना त्यावर लावलेली खसखस तुम्ही पाहिली असेल. ते बारीक पांढरे दाणे ज्या झाडाच्या बोंडात तयार होतात, त्याच झाडाचे हिरवे बोंड चिरले असता त्यातून दुधासारखा चीक पाझरतो. हा चीक वाळला म्हणजे त्याची अफू होते. दाणा निरुपद्रवी, चीक मात्र औषधही आहे आणि विषही. मनुष्याने या चिकाचे काय केले आणि चिकाने मनुष्याचे काय केले, याची कथा सांगणारे एक लहानसे वस्तुसंग्रहालय अमेरिकेत आहे.

व्हर्जिनिया राज्यातील आर्लिंग्टन हे गाव पोटोमॅक नदीच्या तीरावर वसले आहे. पलीकडच्या तीरावर वॉशिंग्टन ही राजधानी आहे. अमली पदार्थांच्या चोरट्या व्यापारास आळा घालणाऱ्या सरकारी खात्याची मुख्य कचेरी येथे असून, तिच्याच इमारतीत १९९९ साली हे संग्रहालय उघडण्यात आले. प्रवेशास मूल्य पडत नाही. राजधानीतील भव्य संग्रहालये पाहण्यास दिवस पुरत नाहीत. हे मात्र थोड्या वेळात पाहून होते. तेथे चोर व शिपाई यांच्या चकमकींच्या कथा असतील, अशा कल्पनेने मी गेलो होतो. परंतु माझे पाय खिळून राहिले ते जुन्या औषधांच्या बाटल्यांपाशी.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत कोणीही कोणतेही औषध बनवावे व विकावे, अशी स्थिती होती. १८४९ पासून विकले जाणारे ‘मिसेस विन्स्लो यांचे शामक सरबत’ हे त्यांपैकीच एक. दात येताना किरकिरणाऱ्या बाळाला ते चमचाभर पाजावे, असे जाहिरातीत सांगितलेले असे. जाहिरातीवर आई व तिचे गुटगुटीत बाळ यांचे सुंदर चित्र असे. सरबत पाजताच बाळ शांत निजे, यात नवल नव्हते; कारण त्यात मॉर्फीन होते. मॉर्फीन म्हणजे अफूतील गुंगी आणणारे प्रबळ द्रव्य. त्या गुंगीतून कित्येक बाळे पुन्हा जागी झाली नाहीत. बिचाऱ्या आईला हे कसे कळावे? बाटलीवरच्या चिठ्ठीत औषधाचे गुण होते, नाव होते, मात्रा होती. आत काय आहे, तेवढे मात्र लिहिलेले नव्हते. पुढे १८९८ साली जर्मनीतील बायर कंपनीने तर हेरॉइन हे खोकल्यावरील औषध म्हणून बाजारात आणले. ज्या नावाने आज पोलीस सावध होतात, ते नाव एके काळी औषधाच्या बाटलीवर मानाने छापले जात होते.

त्या बाटल्या पाहताना मला माझ्या आजीची आठवण झाली. तरुणपणी ती मुंबईला एका कापडगिरणीत कामाला होती. भोंगा होण्यापूर्वी गिरणीत पोहोचावे लागे आणि घरी मूल सांभाळावयास कोणी नसे. म्हणून कित्येक कामकरी स्त्रिया तान्ह्या मुलाला अफूची गोळी चाटवून निजवीत व कामावर जात. आजीच्या चाळीतील एक बाई अशीच एका सकाळी गेली. सायंकाळी ती परतली, तेव्हा मूल तसेच निजलेले होते. ते पुन्हा उठले नाही. ही हकिकत सांगून आजी नेहमी म्हणे, “तिला बोल लावू नका रे! मूल रडून रडून बेजार होऊ नये, म्हणूनच तिनं दिली होती.” सात समुद्र पलीकडील ती माता आणि आमच्या चाळीतील ही माता, दोघींनीही मायेपोटीच विष पाजले. एकीला त्याचे नाव ठाऊक नव्हते, दुसरीला त्याचा परिणाम.

या अज्ञानावर पहिला उपाय कायद्याने कोणता केला, ते पाहण्यासारखे आहे. १९०६ साली अमेरिकेत शुद्ध अन्न व औषधे यांविषयीचा कायदा झाला. त्याने या औषधांची विक्री बंद केली नाही. अफू, मॉर्फीन, हेरॉइन, कोकेन इत्यादी द्रव्ये औषधात असल्यास ती बाटलीवरच्या चिठ्ठीत स्पष्ट नोंदविली पाहिजेत, एवढाच दंडक त्याने घातला. चिठ्ठी खरे बोलू लागली आणि अशा औषधांचा खप घटू लागला. पुढे १९१४ च्या कायद्याने आणखी एक चिठ्ठी आवश्यक केली, ती म्हणजे डॉक्टरांची.

परंतु विष एका देशाच्या सीमेत राहत नाही. हिंदुस्थानातील अफू इंग्रजांच्या काळात जहाजांतून चीनला जात असे. माळव्याची अफू तर आपल्या मुंबई बंदरातूनच जाई आणि तेथील काही व्यापारी तिच्यावर गबर झाले. १८३९ साली लिन त्सेश्यू नावाच्या चिनी अधिकाऱ्याने परदेशी व्यापाऱ्यांच्या वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून ती अफू नष्ट केली, त्यावरून युद्ध पेटले आणि चीन हरला. हा व्यापार रोखावयाचा तर सर्व देशांनी एकत्र आले पाहिजे, हे उमगावयास फार वर्षे लागली. १९०९ साली शांघाय येथे निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी जमले आणि १९१२ साली हेग येथे पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला.

कायदा कागदावर लिहिणे सोपे. तो पाळला जावा म्हणून माणसांना झिजावे लागते. आर्लिंग्टनचे हे खाते १९७३ साली स्थापन झाले. त्याचा एक अधिकारी एन्रिके कामारेना याला १९८५ साली मेक्सिकोत पळवून नेऊन ठार मारण्यात आले. त्याच्या स्मरणार्थ अमेरिकेतील शाळांतून दर ऑक्टोबरात मुले तांबड्या फिती लावतात आणि अमली पदार्थांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा करतात.

लढा अजून संपलेला नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी वेदना शमविणारे फेन्टानिल हे रसायन आता चोरून बनविले जाते. त्याचे अवघे दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या काही कणांएवढे, प्राण घेऊ शकते. हुबेहूब औषधासारख्या दिसणाऱ्या खोट्या गोळ्यांत ते मिसळतात. त्याला बळी पडलेल्यांची छायाचित्रे २०२२ साली या कचेरीत भिंतीवर लावण्यात आली. त्यांत शाळकरी मुलेही होती. मित्राने दिलेली एकच गोळी कित्येकांना पुरली.

आपल्या देशातही १९८५ पासून या बाबतीत कडक कायदा आहे. तरीही मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने अफूची शेती होते. कारण कर्करोगाने तळमळणाऱ्या रोग्याला आजही मॉर्फीनच विसावा देते. चीक तोच, जाणत्या वैद्याच्या हाती तो उपकार करतो, अजाण हाती घात करतो.

मुलांनो, हे संग्रहालय पाहण्याचा योग तुम्हांस येईल न येईल. पण कोणी तुमच्या तळहातावर एखादी गोळी ठेवील आणि ‘घेऊन तर पाहा’ म्हणेल, असा प्रसंग येऊ शकेल. त्या वेळी दोन प्रश्न विचारा : हिच्यात काय आहे, हे सांगणारी चिठ्ठी कोठे आहे? आणि ही मला द्यावी, अशी डॉक्टरांची चिठ्ठी कोठे आहे? उत्तर न मिळाल्यास हात मागे घ्या आणि घरी येऊन वडीलधाऱ्यांस सांगा. आमच्या चाळीतील त्या मातेला हे प्रश्न कोणी शिकविले नव्हते. तुम्हांला ते आता ठाऊक झाले आहेत.