क्रूझवरचं सांडपाणी जातं कुठे?

नागपूरच्या महाल भागाजवळून वाहणाऱ्या नागनदीचं पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागराला मिळतं. म्हणून समुद्रात काय सोडायचं, हा प्रश्न आपल्या नागपूरचाही आहे. मुंबई-गोवा मार्गावर २०१८ साली ‘आंग्रिया’ हे क्रूझ जहाज सुरू झाल्यापासून क्रूझचं तिकीट केवढ्याला, हे सगळे विचारतात. तिथला मैला कुठे जातो, हेही विचारायला हवं.

‘मार्पोल’ हा आंतरराष्ट्रीय करार त्याचे नियम ठरवतो. मैला बारीक करून निर्जंतुक केला, तर तो किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे सोडता येतो. प्रक्रिया न केलेला मैलाही सोडता येतो! त्यासाठी जहाज १२ मैलांपलीकडे हवं, वेग किमान ४ नॉट हवा आणि टाकी हळूहळू रिकामी करायची. धावत्या जहाजामागे पाणी घुसळतं, मैला विरळ होतो, जिवाणू त्याचं विघटन करतात, हा त्यामागचा विचार. प्लास्टिक मात्र कुठेही टाकायला बंदी आहे.

न्हाणीघर, बेसिन आणि धुण्याच्या पाण्याबद्दल हा करार गप्प आहे. जहाजावर सर्वांत जास्त सांडपाणी तेच असतं, त्यात साबण, तेल, कपड्यांचे सूक्ष्म तंतू असतात. ही पळवाट आधी बुजवायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

तेलकट पाण्याला कडक मर्यादा आहे: दहा लाख भागांत तेलाचे फार तर १५ भाग. प्रिन्सेस क्रूझ लाइन्सच्या जहाजावर छुपी नळी जोडून ती चुकवली गेली. तिथल्याच एका नव्या अभियंत्याने तक्रार केली आणि २०१६ मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ४ कोटी डॉलर दंड मान्य केला.