मानेतली गाठ : प्रत्येक वेळी क्षयच नसतो

मानेला गाठ आली की आपल्याकडे दोनच शंका येतात : गंडमाळ नाहीतर कॅन्सर. क्षयरोग आपल्याकडे इतका आढळतो की डॉक्टरांनीही आधी त्याचाच विचार करावा हे योग्यच. पण काही गाठी या दोहोंपैकी कशातच बसत नाहीत.

१९७२ साली जपानमधील किकुची आणि फुजिमोटो या दोघांनी स्वतंत्रपणे असा एक आजार नोंदवला. लसिका ग्रंथी म्हणजे शरीराच्या पोलीस चौक्या. या आजारात तिथल्या रक्षक पेशीच खवळतात आणि ग्रंथीचा काही भाग मृत होतो. कारण अजून नक्की सापडलेले नाही. रुग्ण बहुधा चाळिशीच्या आतले. मानेच्या मागच्या बाजूला दुखऱ्या गाठी, ताप, थकवा, कधी रात्री घाम. म्हणजे चित्र क्षयासारखेच!

माझ्याकडे विशीतली एक मुलगी आली होती. तीन आठवडे ताप. सुईच्या तपासणीत 'मृत पेशी, क्षयाची शक्यता' एवढेच. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, लग्न ठरलंय. मानेवर व्रण नको, गोळ्याच सुरू करा." त्यांची अडचण मला कळत होती. पण क्षयाचे औषध निदान सहा महिने घ्यावे लागते, काहींना त्याने कावीळही होते. शिवाय किकुचीची गाठ आपोआप जिरते आणि गोळ्यांनी गुण आला असे सर्वांना वाटते. गाठ लिम्फोमाची असली तर मात्र तेवढे महिने फुकट जातात. अखेर ते तयार झाले आणि सर्जनने पूर्ण गाठ काढली.

इथे एक गोष्ट सर्जनला आधीच विचारावी. गाठीचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि एक साध्या सलाइनमध्ये गेला पाहिजे. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग क्षयाचे कल्चर होत नाही. छोट्या गावात बहुधा सगळी गाठ एकाच बाटलीत जाते.

मुलीचा रिपोर्ट किकुचीचा आला, कल्चरमध्ये क्षयाचे जंतू वाढले नाहीत. उपचार म्हणाल तर तापाची गोळी आणि विश्रांती. हा आजार साधारण एक ते चार महिन्यांत जातो, क्वचित उलटतो. काहींना पुढे ल्युपस हा आजार होतो, म्हणून ए.एन.ए. ही रक्ततपासणी करावी. सांधे दुखू लागले किंवा गालांवर लाल चट्टे आले तर पुन्हा दाखवावे.

रिपोर्टबरोबर काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळाही लॅबमधून मागून घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली हा आजार कधी कधी लिम्फोमासारखा दिसतो. शंका राहिली तर त्याच ठोकळ्यावरून मोठ्या शहरात दुसरे मत मिळते, गाठ पुन्हा काढावी लागत नाही.