४३ सेकंदांचा विच्छेद
२१ ऑक्टोबर २०१८ रोजी, प्रोग्रॅमरांची संहिता सांभाळणाऱ्या गिटहबच्या अमेरिकेतील पूर्व किनाऱ्यावरील केंद्राचा संपर्क, एक उपकरण बदलताना, अवघे ४३ सेकंद तुटला. परंतु तेवढ्या अवधीत स्वयंचलित व्यवस्थेने डेटाबेसचा मुख्य कारभार पश्चिम किनाऱ्याकडे सोपविला, आणि पूर्वेच्या दप्तरी नुकत्याच चढलेल्या काही नोंदी तिकडे पोहोचल्याच नसल्यामुळे दोन्ही दप्तरे परस्परविसंगत झाली. पूर्वेकडील प्रोग्रॅमना आता प्रत्येक लेखनासाठी सबंध देश ओलांडावा लागे, आणि हा विलंब त्यांना सोसवेना. अशा वेळी टाइमआउटची, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची, मुदत वाढविणे हा भाबडा उपाय होय, कारण ताटकळणारी प्रत्येक विनंती डेटाबेसची एक जोडणी अडवून ठेवते. संचालकांनी त्वरेपेक्षा नोंदींच्या अखंडतेस अग्रक्रम दिला, हा निर्णय मला सर्वथा स्तुत्य वाटतो. सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली.