आजोबांची दुनळी

शस्त्रांच्या कायद्याविषयीं आपल्याकडे जी अढी आहे तिचें मूळ १८७८ सालांत आहे. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींतील त्या कायद्यानें हिंदी माणसानें परवान्यावांचून शस्त्र बाळगणें हा गुन्हा ठरविला. युरोपियनास मात्र सूट! तो अपमान सलत राहिला, म्हणूनच १९३१ सालीं कराची काँग्रेसनें शस्त्र बाळगणें, नियमांच्या अधीन राहून कां होईना, मूलभूत हक्कांत घातलें. डिसेंबर १९४८ मध्यें घटनासमितींत कामत यांनीं तशीच सूचना मांडली. गुन्हेगारांसही हा हक्क द्यावयाचा काय, असें म्हणून डॉ. आंबेडकरांनीं ती नाकारली.

आमच्या मतें तो प्रश्न रास्त होता. परकीय सरकार परवाना नाकारी तें अविश्वासापोटीं. स्वराज्यांत तो मागावा लागतो तो शेजाऱ्याच्या जिवासाठीं. शिवाय १९५९ च्या कायद्यानें केवळ मालमत्ता अपुरी म्हणून परवाना नाकारतां येत नाहीं.

खून बहुतेक गांवठी कट्ट्यांनीं होतात, मग परवानेवाल्यांस जाच कशाला, असें कित्येक विचारतात. आक्षेप निम्मा खरा आहे. कट्टे शोधणें हें पोलिसांचें काम. परंतु घरांतील बंदूक चोरावरच रोखली जाईल याची हमी कोण देणार? भाऊबंदकीच्या वादांत किंवा निराशेच्या एखाद्या रात्रीं तीच हातीं लागते.

२०१९ च्या दुरुस्तीनें सामान्य परवानाधारकास तीनाऐवजीं दोनच बंदुका ठेवतां येतात, व वारशानें आलेलीही त्यांतच धरतात. आजोबांची दुनळी भिंतीवर मिरविणाऱ्या घरांनीं हें ध्यानांत घ्यावें. परवाना आजोबांच्या नांवें होता, घराच्या नव्हे. त्यांच्यामागें ती विनाविलंब पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, आणि ज्या वारसास ती हवी असेल त्यानें स्वतःच्या नांवें अर्ज करावा.