मोबाइलवरचे आंब्याचे दुकान

दुकान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? फळ्या, तराजू आणि गल्ल्यावर बसलेला दुकानदार. पण गेल्या काही वर्षांत आणखी एका तऱ्हेचे दुकान निघाले आहे. त्याला फळ्या नाहीत, तराजू नाही, रात्री कुलूपही नाही. ते मोबाइलच्या पडद्यावर उघडते. पुण्यातली एखादी बाई रात्री दहा वाजता तिथे आंब्याची पेटी मागवते. देवगडचा बागायतदार त्या वेळी झोपलेला असतो. सकाळी उठून फोन पाहतो, तो मागणी आलेली!

अशा दुकानाला ऑनलाइन दुकान म्हणतात. पडद्यावरच्या त्याच्या जागेला वेबसाइट म्हणतात. वेबसाइट म्हणजे एकमेकांना जोडलेली पाने. वहीची पाने उलटावी, तशी ती बोटाने उघडायची.

वेबसाइट करून देणारी शिकलेली मुलं-मुली आता तालुक्याच्या गावीही भेटतात. पण दुकान तयार झाले म्हणजे ते चालतेच असे नाही. गिऱ्हाईक येते, बघते आणि काही न घेता निघून जाते. असे का होते? तेच आपण पाहू. उदाहरण आंब्याचे घेऊ. तुमचा माल काकवी असो, पापड असोत की घोंगडी असो, रीत तीच.

आंबा कोणत्या वाटेने जातो

कोकणातला पुष्कळ आंबा वाशीच्या बाजारात जातो. बागायतदार पेट्या भरून ट्रकने पाठवतो. तिथे अडत्या माल विकतो. आपले कमिशन, हमाली, भाडे कापतो आणि हिशेबाचा कागद पाठवतो. त्याला पट्टी म्हणतात. भाव काय मिळाला, हे पट्टी आली की कळते. तोवर आंबा दुसऱ्याच्या पोटात गेलेला असतो!

आपल्या दुकानात भाव आपण ठरवतो. हा मोठा फायदा. पण अडत्याचे कामही आपल्या अंगावर येते. गिऱ्हाईक शोधायचे, त्याची खात्री पटवायची, पेटी धडपणे घरी पोचवायची. यातले खात्री पटवण्याचे काम पडद्यावरच्या पानाला करावे लागते. पान नीट नसेल, तर चांगला आंबाही बागेत पडून राहतो आणि वर्षभराची मेहनत वाया जाते.

गिऱ्हाईक काय विचारते

मुंबई-गोवा रस्त्यावर आंब्याचा स्टॉल आहे. गाडी थांबते. बाई उतरतात. पुढे काय बोलणे होते?

"आंबा कुठला हो?"

"आमच्याच बागेतला, ताई. देवगडचा हापूस."

"औषध मारून पिकवलेला नाही ना?"

"छे छे! अढीतला आहे. वास घेऊन बघा."

"केवढ्याला डझन? आणि आज खाता येईल का?"

"हा उद्या खा. तो पलीकडचा चार दिवसांनी."

पाच मिनिटांत बाईंनी आंबा हातात घेतला, वास घेतला, विक्रेत्याच्या तोंडाकडे पाहिले. मग पैसे काढले. मोबाइलवर यांतले काय होते? वास येत नाही. फळ दाबता येत नाही. विक्रेत्याचे तोंड दिसत नाही. पण बाईंच्या मनातले प्रश्न तेच असतात. म्हणून पानाने त्या प्रश्नांना न विचारताच उत्तर द्यावे. चांगल्या वेबसाइटचे हेच मर्म आहे. रंगीबेरंगी चित्रे आणि हलणारी अक्षरे यांनी आंबा विकला जात नाही.

तेव्हा पानावर सरळ लिहावे. बाग कोणत्या गावात आहे. आंबा किती तयार झाल्यावर उतरवला. चौदा आणे तयारीचा असेल तर तसे लिहावे. अढीत पिकवला असेल तर तेही लिहावे. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, म्हणून "कार्बाइड वापरत नाही" हे वाक्य खरे असलेच पाहिजे. एका डझनाचे वजन साधारण किती भरेल, पेटी पोचल्यावर किती दिवसांनी खावी आणि तोवर कुठे ठेवावी, हेही सांगावे.

कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला ते लागू आहे. मानांकन वापरण्यासाठी बागायतदाराला आपली नोंद करावी लागते. तुमची नोंद झाली असेल, तर तिचा क्रमांक पानावर ठळक लिहा. दुसऱ्या मुलखातला आंबा हापूस म्हणून खपवला जातो, हे गिऱ्हाइकाने ऐकलेले असते. त्याची शंका तिथेच फिटते.

फोटो आपल्याच बागेचा हवा

कुणीतरी काढलेला चकचकीत आंब्याचा फोटो आयता उचलून लावू नका. पेटी उघडल्यावर आतला आंबा तसा दिसला नाही, की गिऱ्हाईक म्हणते, "फसवलं!" आपल्या पेटीचा, आपल्या फळाचा, आपल्या बागेचा फोटो लावा. दिवसाच्या उजेडात काढा. फळ केवढे आहे ते कळावे म्हणून हातात धरून काढा. एक फोटो कापलेल्या फोडीचा असू द्या.

मात्र एक काळजी घ्यावी. फोनने काढलेला फोटो बहुधा जड असतो. असे दहा फोटो एका पानावर घातले, तर पान उघडायला वेळ लागतो. जिथे नेटवर्क कमी, तिथे तर गिऱ्हाईक कंटाळून निघून जाते. म्हणून फोटो थोडे आणि हलके करून घालावेत. अक्षर मोठे असावे. मागचा रंग फिका आणि अक्षर गडद असावे. बटण एवढे असावे, की अंगठ्याने सहज दाबता येईल. पुष्कळ लोक मोबाइलवरूनच खरेदी करतात, हे विसरू नये.

भाव एकदाच आणि पुरा सांगा

समजा, पानावर लिहिले आहे: पेटी १,००० रुपये. बाईंनी नाव लिहिले, पत्ता लिहिला, फोन नंबर दिला. शेवटच्या पानावर आकडा निघाला १,३०० रुपये. पार्सलचे २००, पॅकिंगचे १००. बाई काय करतील? मोबाइल बंद करतील. तीनशे रुपये जड झाले म्हणूनच नव्हे. "आधी का नाही सांगितलं?" म्हणून.

त्यापेक्षा पहिल्याच पानावर लिहावे: "पेटी १,००० रुपये. पुण्यात घरपोच, सगळा खर्च धरून १,३०० रुपये." बाईंना पटले तर घेतील. घेतले तर हसतमुखाने घेतील.

कायदाही हेच सांगतो. केंद्र सरकारने २०२३ साली नोव्हेंबर महिन्यात ऑनलाइन दुकानांतल्या फसव्या युक्त्यांविरुद्ध नियम काढले. त्यांत १३ युक्त्या सांगितल्या आहेत. मागून खर्च वाढवत नेणे ही त्यांतली एक. "दोनच पेट्या उरल्या, त्वरा करा!" अशी खोटी घाई लावणे ही दुसरी. गिऱ्हाइकाने न मागितलेली वस्तू हळूच त्याच्या यादीत टाकणे ही तिसरी. अशा युक्तीने एखादी पेटी जास्त खपेलही. पण ते गिऱ्हाईक पुढच्या हंगामात परत येणार नाही.

खरेदीची वाट लहान ठेवा

दुकानात शिरल्याबरोबर दुकानदार म्हणाला, "आधी हा फॉर्म भरा, मग माल दाखवतो," तर आपण काय करू? उलट्या पावली फिरू. पण पुष्कळ वेबसाइट असेच करतात. आधी खाते उघडा, पासवर्ड ठरवा, मग खरेदी करा!

यावर अमेरिकेतली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तिथल्या एका मोठ्या ऑनलाइन दुकानात खरेदी करण्याआधी नाव नोंदवावे लागे. वेबसाइटच्या रचनेचे जाणकार जॅरेड स्पूल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिऱ्हाइकांना खरेदी करताना जवळ बसून पाहिले. लोक त्या एका पानावर चिडत होते. जुन्या गिऱ्हाइकांना आपला पासवर्ड आठवत नव्हता. मग दुकानाने नोंदणीचे बटण काढले. त्या जागी "पुढे चला" असे बटण ठेवले आणि लिहिले, की खरेदीसाठी खाते उघडण्याची गरज नाही. खरेदी पुरी करणारी गिऱ्हाइके ४५ टक्क्यांनी वाढली. स्पूल यांनी ही हकीकत २००९ साली लिहिली. माल तोच, भाव तोच. बदलले फक्त एक बटण!

म्हणून लागेल तेवढेच विचारा. नाव, पत्ता, पिन कोड, फोन नंबर आणि किती डझन. पेटी पाठवायला एवढे पुरते.

पैसे आणि पत्ता

यूपीआयची सोय २०१६ साली सुरू झाली. तिने गावातल्या दुकानदारालाही पुण्या-मुंबईचे पैसे क्षणात मिळू लागले. ही सोय पानावर असावीच. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पैसे घेताना आपला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. "मी गिऱ्हाईक आहे, पैसे पाठवतोय, तुमचा पिन टाका," असे कुणी म्हणाले तर तो चोर समजा. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या नंबरावर फोन करा.

जशी आपल्याला चोराची भीती, तशी गिऱ्हाइकालाही असते. खोट्या वेबसाइटवर पैसे भरून फसलेले लोक पुष्कळ आहेत. म्हणून पानावर आपले पूर्ण नाव, गाव, पत्ता आणि फोन नंबर द्यावा. बागेत काम करणाऱ्या माणसांचा फोटो त्यांना विचारून लावावा. आंबापोळी, लोणचे असा तयार केलेला माल विकणार असाल, तर अन्नसुरक्षेची नोंदणी घ्यावी आणि तिचा १४ आकडी क्रमांक लिहावा. लपवणाऱ्यावर कोण विश्वास ठेवील?

आंबा खराब निघाला तर?

हापूसमध्ये साका निघतो, हे बागायतदाराला सांगायला नको. वरून फळ सोन्यासारखे आणि कापले की आत पांढरट, आंबूस गर. तो बाहेरून दिसत नाही. त्यात बागायतदाराची लबाडी नसते. पण शहरातल्या बाईंना हे ठाऊक नसते. त्यांना वाटते, सडका माल पाठवला.

तेव्हा हे आधीच लिहून टाकावे: "हापूसमध्ये क्वचित साका निघतो. निघाल्यास कापलेल्या फळाचा फोटो पाठवा. तेवढ्या फळांचे पैसे परत करू." आणि लिहिले तसे वागावे. दोन आंब्यांचे पैसे परत केले तर काय जाते? गिऱ्हाईक मात्र शेजारणीला सांगते, "माणूस खरा आहे."

२०२० सालच्या ग्राहक नियमांप्रमाणे ऑनलाइन दुकानाने तक्रार कुणाकडे करायची ते पानावर दिले पाहिजे. तक्रार मिळाल्याचे ४८ तासांत कळवले पाहिजे आणि एका महिन्यात तिचा निकाल लावला पाहिजे. पण आंबा महिनाभर थांबत नाही. आपण त्याच दिवशी उत्तर द्यावे.

पेटी निघाली की गिऱ्हाइकाला तसा निरोप द्यावा. गाडी अडकली, पाऊस लागला, तर तेही कळवावे. हंगाम संपला की पानावर सर्वांत वर लिहावे, "यंदाचा आंबा संपला." नाहीतर जूनमध्ये लोक पैसे भरतील आणि आपण तोंड लपवीत फिरू.

दुकान उघडण्याआधी

वेबसाइट तयार झाली, की एक सोपी परीक्षा घ्या. ज्याने ती कधी पाहिली नाही अशा माणसाला बोलवा. शेजारची आजी चालेल, एसटीचा कंडक्टर चालेल. त्याच्या हाती मोबाइल द्या आणि म्हणा, "एक पेटी मागवून दाखवा." मग गप्प बसा. मदत करू नका. त्याचा अंगठा कुठे अडतो, तो कुठे कपाळाला आठ्या घालतो, कुठे "हे काय?" म्हणतो, ते कागदावर लिहून घ्या.

जिथे तो अडला, तिथेच गिऱ्हाईकही अडणार. तेवढी जागा दुरुस्त करा आणि दुसऱ्या माणसाला बोलवा. चार-पाच जणांनी कुणालाही न विचारता पेटी मागवली, म्हणजे दुकान उघडायला हरकत नाही.