संगणकावर स्वतःचं चित्र : जिम्पमध्ये काढूया शाळेचा हापसा



हस्तलिखिताचं मुखपृष्ठ, पर्यावरण दिनाचं पोस्टर, शुभेच्छापत्र अशी बरीच कामं मुलं आता संगणकावर करून आणतात. दिसायला ती छानच असतात. पण नीट पाहिलं की लक्षात येतं, झाड इंटरनेटवरून घेतलेलं, डोंगर दुसरीकडून उचललेला आणि मुलाचं स्वतःचं म्हणाल तर खाली टाकलेलं नाव तेवढं. चित्र शोधायचं कसं हे मुलांना कुणीतरी दाखवलेलं असतं. संगणकावर चित्र काढायचं कसं हे दाखवणारं मात्र सहसा कुणी भेटत नाही. आज तेच टप्प्याटप्प्याने पाहूया.

स्वतःचं चित्र म्हणजे काय?

चित्रात काय घ्यायचं, काय सोडायचं, कुठून पाहायचं आणि कोणता रंग द्यायचा, हे निर्णय ज्याने घेतले त्याचं ते चित्र. डाउनलोड केलेल्या चित्राला फिल्टर लावला किंवा त्याचे रंग बदलले म्हणून ते आपलं होत नाही. मोबाईलला वाक्य लिहून दिलं आणि त्याने चित्र बनवून दिलं, तरी पाहण्याचं आणि ठरवण्याचं काम मुलाने केलेलं नसतं. आणि शिकणं नेमकं त्या पाहण्यातच असतं.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

मी जिम्प वापरते. ते मोफत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं आणि एकदा टाकलं की वापरायला इंटरनेट लागत नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं आणि 1996 मध्ये ते लोकांच्या हाती आलं. विद्यार्थ्यांनी बनवलेलं साधन म्हटल्यावर मुलांना त्याचं विशेष वाटतं! पहिली-दुसरीच्या मुलांसाठी मात्र टक्स पेंट सोपं पडेल.

टप्पा 1 : आधी कागद

विषय जवळचा घ्या. आपण शाळेच्या आवारातला हापसा घेऊ. मुलांना कागद-पेन्सिल देऊन हापशासमोर दहा मिनिटं बसवा आणि प्रश्न विचारा. दांडा कुठून निघतो? दांडा वर असताना तोटी कुठे असते? सांडलेलं पाणी कुठे जातं? ऊन कुठल्या बाजूने येतंय? न पाहता काढलेला हापसा इंग्रजी उलट्या 'एल'सारखा येतो. पाहून काढला की ओट्याची भेग, शेवाळ, शेजारची कळशी हे सगळं चित्रात येऊ लागतं.

टप्पा 2 : कागदावरून संगणकावर

माउसने थेट चित्र काढणं मोठ्यांनाही जड जातं. म्हणून पेन्सिलच्या चित्राचा मोबाईलवर वरून सरळ फोटो घ्या. जिम्पमध्ये 'फाईल'मधून 'न्यू' निवडा. ए-फोर कागदावर छापायचं असेल तर 2480 × 3508 पिक्सेल घ्या. संगणक जुना असेल तर 1240 × 1754 घ्या, काम हलकं होतं. मग 'ओपन ॲज लेयर्स' वापरून फोटो आत आणा, कागदाएवढा करा आणि त्याची अपारदर्शकता म्हणजे 'ओपॅसिटी' 40 च्या आसपास ठेवा. फोटो फिकट दिसू लागेल.

टप्पा 3 : लेयर समजून घेऊ

सगळ्या कामाची किल्ली इथे आहे. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. वरच्या कागदावर रेषा, खालच्यावर रंग. रंग चुकला तर फक्त तोच कागद पुसायचा, रेषेला धक्का लागत नाही. वर्गात हे ओएचपी शीट किंवा वहीच्या प्लॅस्टिक कव्हरवर स्केचपेनने दाखवा, मुलांना लगेच कळतं.

आपले लेयर वरून खाली असे लावा : रेषा, सावली, रंग, फोटो आणि सगळ्यात खाली पांढरा कागद. प्रत्येकाला नाव द्या.

टप्पा 4 : रेषा

'रेषा' लेयर निवडून ब्रशने फोटोवरून रेषा ओढा. हात थरथरत असेल तर ब्रशच्या पर्यायांतलं 'स्मूथ स्ट्रोक' चालू करा. सरळ रेषेसाठी एका टोकाला क्लिक करा, शिफ्ट दाबून ठेवा आणि दुसऱ्या टोकाला क्लिक करा. चुकलं तर कंट्रोल आणि झेड. हे बटण भित्र्या मुलांसाठी वरदान आहे. खोडरबरने कागद फाटायची भीती नाही, म्हणून तीही बिनधास्त रेषा ओढतात.

टप्पा 5 : रंग आणि सावली

आधी फोटोच्या लेयरसमोरचा डोळा बंद करा. नाहीतर फोटोतले डाग मध्ये येतात. 'रंग' लेयर निवडा, बकेट फिल घ्या आणि 'सॅम्पल मर्ज्ड'वर टिक करा. आता रंग वरच्या रेषेच्या आत थांबेल. पूर्ण पान निळं झालं तर समजा रेषेत कुठेतरी फट आहे. कंट्रोल-झेड करा, फट बुजवा, पुन्हा भरा. रेषेलगत पांढरी किनार राहत असेल तर 'थ्रेशोल्ड' थोडा वाढवा.

सावलीच्या लेयरचा मोड 'मल्टिप्लाय' करा आणि फिकट राखाडी-निळ्या रंगाने उन्हाच्या उलट बाजूला ब्रश फिरवा. कागदावर बघितलेलं ऊन इथे कामाला येतं.

टप्पा 6 : जतन करणं

'सेव्ह' केल्यावर एक्ससीएफ फाईल तयार होते. तिच्यात सगळे लेयर शाबूत राहतात. व्हॉट्सॲपवर पाठवायला किंवा छापायला 'एक्स्पोर्ट ॲज' करून पीएनजी बनवा. दोन्ही ठेवा. फक्त पीएनजी राहिली तर उद्या लेयर वेगळे करता येणार नाहीत.

मूल्यमापन कसं करावं?

तयार चित्रासोबत पेन्सिलचा कागद आणि एक्ससीएफ फाईल मागा. लेयर उघडले की मुलाने काय केलं ते दिसतं. मग तीन प्रश्न विचारा : हे कुठून पाहिलंस? काय मुद्दाम सोडलंस? हा रंग का घेतलास? ज्याने काढलंय तो भरभरून सांगतो. वाकडी रेषा असली तरी चालेल, गुण या उत्तरांना द्या.

पालकांसाठी थोडंसं

घरी संगणक नसला तरी पहिला टप्पा घरी होऊ शकतो. चूल, शिलाई मशीन, अंगणातली सायकल, काहीही चालेल. "नेटवरचं बघ किती छान आहे" अशी तुलना मात्र टाळा. त्या एका वाक्याने मूल पुन्हा कॉपी-पेस्टकडे वळतं.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्राचा हक्क ते काढल्याबरोबरच निर्माण होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. म्हणजे चौथीतल्या मुलाच्या हापशालाही तो लागू आहे. दुसऱ्याचं चित्र विचारल्याशिवाय का उचलू नये, हे मुलांना उपदेशापेक्षा यातून चांगलं समजतं. म्हणून चित्राच्या कोपऱ्यात त्याला स्वतःचं नाव आणि तारीख लिहू द्या. ते नाव आता खरोखर त्याच्या कामाखाली असेल.

आपल्या वर्गात हा उपक्रम नक्की करून पाहा. सुरुवात एकाच वस्तूपासून करा आणि घाई करू नका. दोन-तीन तासिका लागतील.