शॉमबर्गमध्ये सायकल: मुभा आहे, मग अडतं कुठे?

शॉमबर्गला नव्याने आलेल्या मराठी मुलामुलींचा पहिला महिना साधारण सारखाच जातो. ऑफिसच्या आसपास अपार्टमेंट मिळतं, गाडी अजून घेतलेली नसते आणि किराणा दोन मैलांवर असतो. मॅपवर बघितलं तर सायकलने बारा-पंधरा मिनिटं. मग कोणीतरी एक जुनी सायकल विकत घेतं, शनिवारी सकाळी निघतं आणि गॉल्फ रोडच्या सिग्नलपाशी, समोरच्या लेन मोजत थांबतं. त्यानंतर बऱ्याचदा ती सायकल बाल्कनीत जाते आणि तिथेच राहते.

गंमत म्हणजे शॉमबर्ग हे सायकलला विसरलेलं गाव नाही. इथे सायकलमार्गांचं मोठं जाळं आहे, त्याचा नकाशा आहे आणि ‘लीग ऑफ अमेरिकन बायसिक्लिस्ट्स’ या राष्ट्रीय संस्थेकडून गावाला सायकलस्नेही म्हणून कांस्य दर्जाही मिळालेला आहे. मग तो सिग्नल इतका अवघड का वाटतो? आणि चारचौघांनी मिळून सायकल चालवली की तोच रस्ता वेगळा का वाटतो? या लेखात हे दोन प्रश्न जरा उलगडून बघूया.

गाव मोटारीसोबत वाढलं

शॉमबर्गची अधिकृत स्थापना 1956 ची. त्याआधी इथे मुख्यतः जर्मन शेतकऱ्यांची शेती होती. 1971 मध्ये वुडफिल्ड मॉल उघडला, 1976 मध्ये मोटोरोलाने आपलं मुख्यालय इथे आणलं आणि बघता बघता शेतांच्या जागी ऑफिसं आणि वसाहती आल्या. आज इथे पाऊण लाखाहून जास्त लोक राहतात, तरी कायद्याच्या भाषेत हे अजून ‘व्हिलेज’च आहे. हा तपशील लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

हे सगळं वाढलं तेव्हा प्रत्येकाकडे मोटार असणार हे गृहीत होतं. त्यामुळे वसाहतींमधले रस्ते वळणावळणाचे आणि अनेकदा पुढे बंद होणारे. आत सायकल चालवायला छान, मुलंसुद्धा बिनधास्त चालवतात. पण बाहेर पडायला वाट एकच, आणि ती थेट मोठ्या रस्त्यावर निघते. शिकागो शहरात तसं होत नाही. तिथे रस्त्यांची चौकट आहे; एक रस्ता गर्दीचा वाटला तर शेजारच्या समांतर गल्लीने जाता येतं. पुण्यातल्या पेठांमध्येही आपण हेच करतो. लक्ष्मी रोड तुंबला की आतून निघायचं. शॉमबर्गमध्ये असं ‘आतून’ फारसं कुठे जाताच येत नाही.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे बसी वुड्स. हे कुक काउंटीचं राखीव वन गावाच्या पूर्वेला लागूनच आहे. आत साधारण सात मैलांचा, म्हणजे अकरा-बारा किलोमीटरचा पक्का सायकलमार्ग आहे. तळं आहे, आणि कुंपणाआड एल्क जातीची मोठी हरणं आहेत. त्यांचा पहिला कळप 1925 मध्ये आणला गेला. रविवारी सकाळी इथे सगळं जग सायकलवर दिसतं. वुडफिल्ड मॉल इथून अगदी जवळ, पण दोघांच्या मधून हायवे जातो. म्हणून बरेच लोक सायकल गाडीच्या मागे लटकवून वनाच्या पार्किंगपर्यंत येतात, चक्कर मारतात आणि पुन्हा सायकल लटकवून घरी जातात. सायकल आहे, मार्ग आहे, आवडही आहे. पण सायकलने कुठेतरी *पोचणं* वेगळं राहतं.

कडेचा मार्ग आणि उजवं वळण

मोठ्या रस्त्यांच्या कडेला, फुटपाथपेक्षा रुंद असा सायकलमार्ग अनेक ठिकाणी आहे. तो सुरक्षित वाटतो, आणि दोन चौकांच्या मधल्या पट्ट्यात असतोही. धोका असतो चौकात आणि दुकानांच्या पार्किंगच्या तोंडाशी.

अमेरिकेत लाल दिव्यालाही, फलक लावून मनाई केलेली नसेल तर, थांबून उजवीकडे वळता येतं. वळणारा ड्रायव्हर डावीकडे बघत असतो, कारण गाड्या तिकडून येतात. तुम्ही कडेच्या मार्गावरून वाहतुकीच्या उलट दिशेने येत असाल, तर तुम्ही त्याच्या उजवीकडून येता. त्याची मान तिकडे वळतच नाही. आपण भारतात डाव्या बाजूने चालवायला शिकलेलो, त्यामुळे आपलीही नजर चुकीच्या बाजूला आधी जाते. म्हणून साधा नियम: वळायला थांबलेल्या गाडीसमोरून जाण्याआधी ड्रायव्हरची नजर तुमच्यावर पडली आहे ना, हे बघा. पडली नसेल तर थांबा. सिग्नल तुमच्या बाजूने असला तरी.

कायदा काय म्हणतो?

इथे गोष्ट जरा गुंतागुंतीची होते. इलिनॉयच्या वाहतूक कायद्यानुसार रस्त्यावर सायकलस्वाराला साधारणपणे वाहनचालकाचेच हक्क आणि कर्तव्यं आहेत. गाडीने सायकलला ओलांडताना किमान तीन फूट अंतर ठेवायचं, हेही कायद्यात आहे. वाचून बरं वाटतं.

पण 1992 मध्ये शेजारच्या ड्यूपेज काउंटीत एक सायकलस्वार दुरुस्ती चालू असलेल्या पुलावर पडला. त्याने वेन टाउनशिपवर दावा लावला. 1998 मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: सायकलस्वाराला रस्ता वापरायची *मुभा* आहे, पण रस्ता *त्याच्यासाठी* केलेला नाही. रस्ता ज्याच्यासाठी आहे त्याच्याच सुरक्षिततेची जबाबदारी स्थानिक संस्थेवर येते. सायकलसाठी खुणा किंवा फलक असतील तर गोष्ट वेगळी. 2023 मध्ये शिकागोतल्या एका खड्ड्याच्या प्रकरणात न्यायालयाने हीच भूमिका कायम ठेवली.

याचा अर्थ नीट समजून घ्या. साध्या रस्त्यावर खड्ड्यात पडलात तर नुकसानभरपाई मिळणं अवघड. रस्त्यावर सायकलचं चिन्ह असेल, तर तुमची बाजू भक्कम. पण मग ज्या गावाने चिन्ह रंगवलं त्याच्यावर जबाबदारी वाढते, आणि ज्याने काहीच केलं नाही तो मोकळा! सायकल संघटनांचा या निकालावरचा मुख्य आक्षेप हाच आहे. गॉल्फ रोड आणि हिगिन्स रोड तर राज्याचे महामार्ग, त्यामुळे तिथे गावाने एकट्याने ठरवून फार काही होत नाही.

यात एक ऐतिहासिक विनोदही आहे. अमेरिकेत पक्के रस्ते हवेत म्हणून मोटारी येण्याआधी चळवळ केली ती सायकलवाल्यांनी. वर उल्लेख केलेली लीग 1880 ची आहे; तेव्हा तिचं नाव ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमन’ होतं.

एकत्र निघण्याने काय होतं?

सामूहिक राइड म्हणजे व्यायाम आणि नंतर कॉफी, एवढंच नसतं. शिकागोत दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी डेली प्लाझातून ‘क्रिटिकल मास’ निघते. वर्षातून एका रविवारी सकाळी लेक शोअर ड्राइव्ह मोटारींना बंद होतो आणि सायकलींना मोकळा. उपनगरांतल्या क्लबांच्या राइड्स याहून शांत असतात. त्यातली ‘नो ड्रॉप’ राइड नव्या माणसाने आधी शोधावी. पुढे वाट माहीत असलेला एक, सगळ्यांत मागे कोणी सुटत नाही ना हे बघणारा एक, आणि वेग मागच्या माणसाचा.

आपल्याला हे नवीन नाही. आषाढीच्या आधी नाशिकहून आणि इतर शहरांतून पंढरपूरला सायकल वारी निघते. तीही याच तत्त्वावर चालते: दिंडीत कोणी एकटं पडत नाही.

पहिला फायदा म्हणजे वाट कळते. कुठल्या वसाहतीच्या मागून पायवाट निघते, कुठला सिग्नल लांब आहे, हायवे कुठे सोयीने ओलांडता येतो, हे मॅपवर नीट दिसत नाही. दहा वर्षं इथे सायकल चालवणारी काकू ते एका सकाळी दाखवते. दुसरा फायदा, चौकात वीस सायकली एकत्र थांबल्या की ड्रायव्हरला त्या दिसतात. आणि तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा: मोजदाद होते. बाल्कनीतली सायकल कोणत्याच नियोजनाच्या कागदावर येत नाही. रस्त्यावरच्या वीस येतात.

आता ‘व्हिलेज’चा तो तपशील. आपल्यातले बरेच जण विद्यार्थी किंवा एच-वन व्हिसावर, म्हणजे मत देता येत नाही. त्यामुळे ‘आपल्याला कोण विचारतो’ असं वाटणं स्वाभाविक आहे. पण इलिनॉयच्या खुल्या सभांच्या कायद्यानुसार सार्वजनिक सभेत बोलायची संधी *कोणत्याही व्यक्तीला* आहे, फक्त मतदाराला नाही. ठरलेल्या नियमांत राहून, मिळतील ती दोन-तीन मिनिटं उभं राहून ‘मी इथे राहते, रोज या सिग्नलवरून जाते, तिथे ओलांडायला वेळ पुरत नाही’ एवढं म्हटलं तरी ते नोंदवलं जातं. रस्ता राज्याचा असला, तरी राज्याकडे मागणी गावच नेतं.

मे हा अमेरिकेत सायकलचा महिना मानला जातो. 1956 पासून, म्हणजे शॉमबर्गच्याच वयाचा. तोपर्यंत बर्फही गेलेला असतो. टायरमध्ये हवा भरा, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावा, हेल्मेट घाला आणि एक नो ड्रॉप राइड शोधा. पहिल्या दिवशी किराण्यापर्यंत नाही पोचलात तरी चालेल. तो सिग्नल कोणाबरोबर ओलांडायचा, हे तरी कळलेलं असेल.